मेळाव्याआधी गठ्ठ्यांची वही

पत्राचा सारांश

सोलापूरच्या पूर्व भागातून एका ताईंचं पत्र आलं आहे. वय ५४. शाळेच्या गणवेशाचा त्यांचा छोटा कारखाना आहे आणि बारा बायका कामाला आहेत. कुणाच्या घरी तेलुगू बोलतात, कुणाच्या कन्नड, कुणाच्या उर्दू, बाकीच्यांकडे मराठी. "सगळ्या मला पोटच्या मुलींसारख्या," असं ताई लिहितात. दोन महिन्यांपूर्वी कॉलर लावणारीने मोबाइलवर एक स्टेटस ठेवलं आणि त्यावरून तिचं बाही जोडणारीशी वाजलं. एक पद्मशाली, म्हणजे तेलुगू विणकर समाजातली, दुसरी मुस्लिम. मशीन शेजारी-शेजारी, पण तेव्हापासून दोघींत शब्द नाही. तयार गठ्ठासुद्धा तिसरीच्या हातून पुढे जातो. टीव्हीवरच्या युद्धांच्या बातम्यांनी ताईंची झोप उडाली आहे. जगाचं राहू दे, निदान आपल्या पत्र्याखाली तरी सगळी माणसं एका घरची असावीत, ही त्यांची ओढ. म्हणून १२ जानेवारीला, चार हुतात्म्यांच्या दिवशी, कारखान्यासमोर मांडव घालून सर्वधर्म स्नेहमेळावा करायचा, चार वक्ते बोलवायचे, जेवण द्यायचं, असं त्यांनी ठरवत आणलं आहे. खर्च साधारण ४०,००० रुपये. मांडववाल्याला ॲडव्हान्सही दिला आहे. यजमान म्हणतात, पैसे पाण्यात जातील. २४ वर्षांचा मुलगा म्हणतो, "आई, जग असं चालत नाही." ताईंचे प्रश्न तीन: मेळावा करू का? कारखान्यात धर्माचं बोलायला बंदी घालू का? आणि मुलाचं खरं आहे का?

उत्तर

ताई, नमस्कार.

मेळाव्याकडे नंतर येऊ. तुमच्या पत्रात सगळ्यात मोलाचं वाक्य तुम्ही ओघात लिहून पुढे गेलात: गठ्ठा तिसरीच्या हातून जातो. दिवसातून किती वेळा जातो, हे मोजलंत का? दर वेळी ती तिसरी बाई स्वतःचं मशीन सोडून उठते. नगावर मजुरी असेल, तर दुसऱ्यांच्या अबोल्याचे पैसे तिच्या खिशातून जातायत. तेव्हा आधी तिच्याशी बोला. भांडणात नसलेल्या माणसाला भांडणाचं खरं कारण बहुतेक वेळा माहीत असतं, आणि त्याला कुणी विचारलेलं नसतं.

स्टेटसवरून भांडण झालं, हे मान्य. पण स्टेटस रोज कुणी ना कुणी ठेवत असतं. त्याच आठवड्यात त्याच दोघींचं का वाजलं? तेव्हा कुठली ऑर्डर चालू होती, ते वहीत बघा. चौकडीचं, म्हणजे चेक्सचं कापड होतं का?

विचारण्याला कारण आहे. साध्या पांढऱ्या शर्टाची कॉलर हात बसला की झरझर होते. चेक्सच्या कॉलरची दोन्ही टोकं सारखी दिसावी लागतात. डावीकडे जिथे लाल रेघ आली तिथेच उजवीकडे यायला हवी, नाहीतर दुकानदार नग परत टाकतो. शाळेच्या शर्टाच्या बाहीवरची चौकडी मात्र एवढ्या बारकाईने कुणी बघत नाही. म्हणजे एकाच ऑर्डरमध्ये कॉलरवालीचं काम अडतं आणि बाहीवालीचं चालू राहतं. दोघींना दर तोच असेल तर काय होतं? समजा, कॉलरला नगामागे ३ रुपये आहेत आणि साध्या कापडाचे तासाला २० नग निघतात. चेक्सचे निघतात १४. तासाला १८ रुपये कमी, आठ तासांचे १४४. शेजारचीची बेरीज जशीच्या तशी. आठवडाभर हे डोळ्यांसमोर घडलं, की मग एक स्टेटसही पुरतं.

आता दुसरी बाजू. लहान कारखान्यात कॉलर लावणारीच बहुधा खांदेही जोडते. खांदा दोन सूत सरकला की मुंढा, म्हणजे बाही जोडायचा घेर, बाहीला बसत नाही, चुण्या येतात. चूक खांद्याची, दिसते बाहीवर. उसवायचं कुणी? बाहीवालीनं. आणि उसवण्याचे पैसे कुणीच देत नाही. तिच्याही मनात हा हिशेब साचत असणार.

याचा अर्थ स्टेटस निरुपद्रवी होतं असा नाही. ते लागलंच असेल, आणि त्याचं वेगळं बोलायला हवं. पण दोन जातींच्या, दोन धर्मांच्या माणसांत काही बिनसलं की आपण लगेच धर्माचं लेबल लावून मोकळे होतो, आणि मग उपायही धर्माचाच शोधतो. दराचं भांडण मेळाव्यानं मिटत नाही, ते दरानंच मिटतं.

म्हणून पहिलं काम वहीचं. दोनशे पानी वही घ्या, रकाने आखा: तारीख, गठ्ठा नंबर, कापड साधं की चेक्स, साइज, नग, कुणाकडे दिला, उसवायला आला का, आणि चूक कुठल्या टप्प्याची. गठ्ठ्याला बांधलेल्या चिठ्ठीवर तोच नंबर. हे दोन आठवडे, बारा कामाचे दिवस, कुणालाही न दटावता लिहायचं. लिहिणारी रोज वेगळी. तुमच्या किंवा मुलाच्या हातात वही राहिली तर ती पोलिसाची डायरी होईल. बारा दिवसांनी सगळ्यांसमोर उघडा. चेक्सला वेगळा दर किती हवा, ते आकडेच सांगतील. वरच्या उदाहरणात तो ४ रुपये २५ पैशांच्या आसपास बसतो. बावीस-चोवीस नंबरचे छोटे, पटकन उरकणारे गठ्ठे आणि अडतीस-चाळीसचे मोठे गठ्ठे आळीपाळीने द्यायचे. उसवण्याचं काम ज्या टप्प्याची चूक त्या टप्प्याकडे परत. आणि कटिंगमध्येच चूक असेल तर भरपाई कारखान्याची, म्हणजे तुमची. इथेच बहुतेक मालक अडखळतात. कटिंग मास्तरची चूक शिलाईवालीच्या मजुरीतून वळती करायची सवय सगळीकडे आहे. तुमच्याकडे नसेल तर उत्तमच.

हे सीझनच्या आधी करा. मार्चपासून जूनपर्यंत, शाळा उघडेतोवर, कुणाला मान वर करायला वेळ नसतो. त्या गर्दीत नवा दर काढला तर तो मेहेरबानी वाटेल, नाहीतर लाच.

आता 'पोटच्या मुलींसारख्या'बद्दल. राग मानू नका. तुमची माया खरी आहे याबद्दल मला शंका नाही. पण मुलीला आई नगावर पैसे देत नाही, आणि आईने बोलावलेल्या कार्यक्रमाला 'नाही' म्हटलं तर मुलीची रोजी जात नाही. तुमच्या बारा जणींना हे पक्कं ठाऊक आहे. 'आपण सगळे एक कुटुंब' हे वाक्य मालकाच्या तोंडून कामगारांनी बहुतेक वेळा ऐकलेलं असतं ते जादा वेळ फुकट थांबवण्याआधी. तुम्ही त्या अर्थाने म्हणत नाही, पण त्यांचे कान तुम्ही घडवलेले नाहीत.

आणि कुटुंब म्हणजे तरी काय? प्रेमाची माणसं एकत्र राहतात ते कुटुंब, ही आपली समजूत. आपापल्या घरांत डोकावून बघा. जाऊ-जावांत वर्ष-वर्ष धड बोलणं नसतं, भावा-भावांत बांधावरून कोर्टकचेरी चालू असते. पण रात्री दोन वाजता सिव्हिलला न्यायची वेळ आली की तोच भाऊ गाडी काढतो. आवडतं म्हणून नव्हे, ते त्याचं काम आहे म्हणून. कुटुंब उभं असतं ते न विचारता अंगावर येणाऱ्या कामांवर. तुमच्या बारा जणींत अशी कामं किती आहेत? कुणाच्या पोराला ताप आला तर कोण कुणाला फोन करते? एका कागदावर बारा नावं गोलात लिहा आणि आठवून रेघा ओढा. तेलुगू-तेलुगू, उर्दू-उर्दू अशाच रेघा निघाल्या तर मेळाव्यानंतरही तशाच राहतील.

यावर थोडं अभ्यासाचंही बोलतो, कारण हा प्रश्न एकट्या तुमचा नाही. राज्यशास्त्रज्ञ आशुतोष वार्ष्णेय यांनी अलिगढ-कालिकत, हैदराबाद-लखनौ, अहमदाबाद-सुरत अशा शहरांच्या जोड्या घेऊन पाहिलं, की एका शहरात दंगल उसळते आणि दुसऱ्यात का नाही. त्यांचा निष्कर्ष आपल्या भाषेत असा: शहरात नुसता शेजार, सणाला फराळाची देवघेव, येता-जाता रामराम-सलाम एवढं पुरत नाही. अफवा उठली की ते कोलमडतं. तगून राहतात त्या संघटना, ज्यांत दोन्हीकडच्या माणसांचा रोजचा फायदा-तोटा गुंतलेला असतो: व्यापारी मंडळं, कामगार युनियन, धंद्याच्या संस्था. १९७० आणि १९८४ मध्ये मोठ्या दंगली झालेल्या भिवंडीत पोलिस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी वस्ती-वस्तीत मोहल्ला समित्या बसवल्या. त्यात पुढारी नव्हे, साधी माणसं घेतली, आणि ती काहीही घडलेलं नसताना नियमित भेटत राहिली. १९९२-९३ मध्ये शेजारची मुंबई पेटली तेव्हा भिवंडी शांत राहिली. सणाच्या चार दिवस आधी पोलिस स्टेशनला बसणारी शांतता समिती आणि ही समिती यांत हाच फरक.

सोलापूरकराला हे खरं तर पुस्तकातून शिकायला नको. १८७७ मध्ये सुरू झालेल्या जुन्या मिलपासून लक्ष्मी-विष्णूपर्यंत, भोंगा झाला की एका खात्यात चार भाषांची माणसं शिरायची. पगारवाढ मागायची तर एकत्रच मागावी लागे. मिली बंद पडल्या, काम घराघरांत, मागावर आणि विडीवर विखुरलं, आणि एकमेकांत गुंतण्याच्या त्या जागा गेल्या. तुमचा बारा मशीनचा कारखाना ही तसली एक जागा आहे, ताई. तुमच्याकडे मांडव नसला तरी चालेल, ओव्हरलॉकचं मशीन आहे.

मग काय उभं करायचं? माझं मत विचाराल तर भिशी. तुमच्याकडे बायकांच्या आपापल्या भिश्या असतीलच, आपापल्या गल्लीतल्या, आपापल्या नात्यातल्या. कारखान्याची एक वेगळी, छोटी काढा. बारा जणी, महिना ५०० रुपये, दरमहा ६,००० एकीला, बारा महिन्यांत फेरी पूर्ण. एवढ्या रकमेत कुणी बुडत नाही आणि शाळेची फी निघते.

यात बिघडतं कुठे ते आधी सांगतो. लिलावाची, बोली लावून कमी रकमेत उचलायची भिशी काढू नका. तो फरक व्याजासारखा वाटतो म्हणून काही मुस्लिम बायका अशा भिशीत येत नाहीत, आणि कारण सांगायचा संकोच असतो म्हणून 'जमत नाही' एवढंच म्हणतात. चिठ्ठ्यांची काढा. पहिल्याच दिवशी बाराही चिठ्ठ्या उचलून क्रम लिहून टाकायचा, म्हणजे दर महिन्याला संशय नको. अडचण आली तर दोघींनी आपापसांत नंबर बदलायचा आणि दोघींनी सही किंवा अंगठा करायचा. खरी रेघ इथे तयार होते. एकीच्या बाळंतपणासाठी दुसरीने आपला नंबर दिला, की तिसऱ्या कुणी भाषण करायची गरज उरत नाही. पैसे ज्या दिवशी जमतात त्याच दिवशी वाटायचे, डब्यात रात्रभर ठेवायचे नाहीत. वही एकीकडे, मोजणी दुसरीकडे, आणि त्या दोघी एका घोळक्यातल्या नकोत. बाहेरची सभासद नको. आणि तुम्ही भिशीत नको. मालकीण भिशीत आली की हप्ता थकला तर मजुरीतून कापायचा मोह होतो, मग भिशी संपते आणि उचल सुरू होते.

तुमच्या ४०,००० पैकी १२,००० रुपये बाजूला काढून अडीअडचणीची पेटी करता येईल: एकावेळी जास्तीत जास्त २,००० रुपये, बिनव्याजी, चार महिन्यांत ५००-५०० करून परत. द्यायचं की नाही ते बारा जणींनी निवडलेल्या तिघी ठरवतील, दर चार महिन्यांनी तिघी बदलतील. एक-दोन वेळा पैसे अडकतील हे धरूनच चाला.

सुट्यांचं कोष्टकही याच वेळी करून टाका. नारळी पौर्णिमेला मार्कंडेयाचा रथ, बसव जयंती, १४ एप्रिल, दोन्ही ईद, गड्डा म्हणजे सिद्धेश्वराची जत्रा. पाडवा आणि उगादी एकाच दिवशी येतात, तेवढी तुमची सोय. ज्यांचा सण नाही त्यांनी त्या दिवशी काम उचलायचं आणि आपल्या सणाला तेच परत घ्यायचं. रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो, तेव्हा तो सध्या तुमच्या सीझनच्या तोंडाशी येतोय. रोजा धरणाऱ्यांना सकाळी लवकर येऊन दुपारी लवकर जायची मुभा द्या, पण 'फक्त त्यांना' देऊ नका. प्रत्येकीला वर्षातला कुठलाही एक महिना वेळ बदलून मागता येईल, असा नियम करा. कुणाला पोराच्या दहावीसाठी हवा असेल, कुणाला सासूच्या डायलिसिससाठी. सवलत एकाच गटाला दिली की ती उरलेल्यांच्या डोळ्यांत खुपते, आणि खुपण्याला मग धर्माचं नाव मिळतं.

आता त्या दोघी. दर आणि वही मार्गी लागल्यावरच हे करा, आधी नको. दोघींना एकत्र बसवून "चला, हात मिळवा" हा प्रकार अजिबात नको. पाया पडायला लावणं त्याहून नको. वेगवेगळं बोला, प्रत्येकीशी वीस-पंचवीस मिनिटं, तुमच्या टेबलासमोर नाही तर जिन्यात, गच्चीवर, चहा घेऊन. पगाराचा दिवस टाळा. तीनच गोष्टी विचारा: त्या दिवशी काय झालं, त्यातलं सगळ्यात काय लागलं, आणि इथून पुढे तिने काय केलं तर मशीनवर बसणं सोपं जाईल. बरोबर कोण हे विचारू नका; उत्तर आलं तरी ऐकून सोडून द्या. बहुतेक वेळा पहिल्या प्रश्नाला स्टेटस येतं आणि दुसऱ्याला काही वेगळंच: सगळ्यांसमोर ती काय म्हणाली, कशी हसली, 'तुमचे लोक' म्हणाली. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर लिहून घ्या आणि ती परवानगी देईल तेवढंच दुसरीला सांगा. मैत्री मागू नका. "गठ्ठा हातात देईन आणि नंबर सांगेन" इथपर्यंत आलं तरी पहिल्या महिन्याला भरपूर झालं. नाहीच आलं, तर दोघींच्या मशीनच्या मधोमध दुसरा टप्पा बसेल अशी मांडणी बदला. अबोल्याचाही मान ठेवता येतो, फक्त तिसरीला त्यासाठी उठायला लावायचं नाही.

बंदीचा प्रश्न यातच सुटतो. धर्माचं बोलायचं नाही, असा नियम केलात तर बोलणं थांबत नाही, ते जिन्यात आणि संडासाबाहेर जातं, आणि तिथे ते एकाच गटात होतं. शिवाय उपास, रोजा, मुलीचं लग्न, मयत हे सगळं धर्माचंच बोलणं आहे. ते बंद केलं तर उरतं काय? विषयावर बंदी घालू नका, वागण्याला नियम लावा. मोठ्या अक्षरांत चार ओळी पुरेत: इथे कुणाला 'तुमचे लोक' म्हणायचं नाही. कुणाच्या देवाची, पुस्तकाची, खाण्याची टिंगल नाही. कुणाला घोषणा द्यायला सांगायचं नाही, द्यायची नाही म्हणून अडवायचंही नाही. कारखान्याच्या ग्रुपवर फक्त कामाचं. नियम मालकिणीलाही लागू, आणि हे त्याच पाटीवर लिहा.

ग्रुपवर दोन बाणांची खूण असलेला 'अनेकदा फॉरवर्ड केलेला' मेसेज आला तर तो लिहिणाऱ्याची ओळख पाठवणाऱ्यालाही नसते, एवढं सगळ्यांना एकदा दाखवून द्या. ॲडमिनला कुणाचाही मेसेज सगळ्यांसाठी डिलीट करता येतो. दाबून धरायचं, डिलीट, झालं. ग्रुपवर कुणी काही टाकलं म्हणून आपोआप ॲडमिन गुन्हेगार होत नाही, हे मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये स्पष्ट केलं आहे. तेव्हा घाबरून ग्रुप बंद करू नका. मात्र मेसेज मारहाणीला चिथावणारा असेल तर गोष्ट वेगळी. नंबर आणि वेळ दिसेल असा स्क्रीनशॉट काढा, 'बघा काय चाललंय' म्हणूनसुद्धा पुढे पाठवू नका, आणि पोलिस स्टेशनला नेऊन द्या. समूहांत वैर पसरवण्याला भारतीय न्याय संहितेच्या कलम १९६ खाली तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. तातडीचं असेल तर ११२.

मेळावा. १२ जानेवारी ही तारीख तुम्ही मनापासून निवडलीत, पण ती व्यवहारात बसत नाही. त्याच सुमाराला सिद्धेश्वराची यात्रा सुरू होते. अडुसष्ट लिंगांचा तैलाभिषेक, अक्षता, होम, रस्ते नंदीध्वजांसाठी मोकळे केलेले, घरोघरी पाहुणे. तुमच्या निम्म्या बायका येऊ शकणार नाहीत आणि आल्याच तर नाइलाजाने. आणखी एक. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकृष्ण सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन या चौघांना १९३१ मध्ये त्या तारखेला येरवड्यात फाशी झाली. आपण ती चार नावं चार समाजांची म्हणून घेतो. पण ते सद्भावनेसाठी एकत्र आलेले नव्हते. १९३० च्या लढ्यात होते, ज्यासाठी या शहरावर मार्शल लॉ लागला. काम एक होतं, म्हणून नावं एकत्र आली. त्या दिवशी ज्यांना यायचं असेल त्यांना घेऊन सकाळी हुतात्मा चौकात अर्धा तास जाऊन या, त्या अर्ध्या तासाची मजुरी धरा, आणि कामाला लागा.

जेवण मात्र करा. वक्त्यांशिवाय. गड्डा ओसरल्यावरचा, जानेवारी-अखेरचा एखादा रविवार धरा; एकादशी, संकष्टी आणि रोजे कॅलेंडरवर बघून घ्या. बारा जणी आणि घरची माणसं मिळून पन्नास पानं होतील. बेत शाकाहारी ठेवा. त्यात कुणाचा कमीपणा नाही, हलाल-झटक्याचा प्रश्न उठत नाही आणि लिंगायत, जैन घरची माणसंही बसतात. कडक भाकरी आदल्या दिवशी विकत घ्या, शंभर नग. घरी करायच्या म्हटल्या तर किलोभर पिठाच्या बाराएक मऊ भाकऱ्या होतात, म्हणजे आठ-नऊ किलो पीठ आणि दोघींची कंबर. तूरडाळ अडीच किलो, तांदूळ चार किलो, वांगी सहा किलो, शेंगा चटणी दीड किलो. चटणीतली अर्धा किलो बिनलसणाची वेगळ्या डब्यात, चमचाही वेगळा. प्यायला वीस लिटरचे चार जार. आपल्याकडे नळाचं पाणी रोज येत नाही, त्या दिवशी येईल यावर विसंबू नका. भांडी भाड्याची घ्या आणि सगळ्यांसमोर घासा. चिरायला-निवडायला जोड्या चिठ्ठ्या टाकून पाडा, एकीने वाढायचं आणि दुसरीने पाहुणी म्हणून बसायचं असं होऊ देऊ नका. कुणी आपला डबा घेऊन आली तर घेऊन येऊ दे. त्यावर एक शब्द नको.

खेळ ठेवायचा असेल तर संघ मिसळून करा. अर्थशास्त्रज्ञ मॅट लोव यांनी उत्तर प्रदेशात वेगवेगळ्या जातींच्या तरुणांची क्रिकेट लीग लावून हे तपासलं: एकाच संघात खेळले त्यांची जातीबाहेरची मैत्री वाढली, समोरासमोर खेळले त्यांची घटली. अंताक्षरीतही 'इकडच्या' विरुद्ध 'तिकडच्या' नको.

आणि मुलगा. तो अर्धा बरोबर आहे. मेळावे करून जग चालत नाही, हे त्याचं खरं. पण 'जग असं चालत नाही' म्हणताना तो अंदाज सांगतोय, आणि तुम्ही जी आशा म्हणता ती अंदाज नाही. ते एक काम आहे, जमलं तर जमलं. भैया चौकाजवळच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांच्या स्मारकात त्याला एकदा घेऊन जा. सोलापूरचा हा तरुण डॉक्टर १९३८ मध्ये इतर चार भारतीय डॉक्टरांबरोबर युद्ध चालू असलेल्या चीनमध्ये गेला, आणि १९४२ च्या डिसेंबरमध्ये, वयाच्या ३२ व्या वर्षी तिथेच वारला. युद्ध त्याने थांबवलं नाही. जखमी समोर येत होते, त्यांच्यावर शस्त्रक्रिया केल्या, आणि त्यासाठी चिनी भाषा शिकला, इतकी की त्याच भाषेत शिकवू लागला. तुमच्या कारखान्यात भाषा चारच आहेत. 'जेवण झालं का' एवढं प्रत्येकीच्या भाषेत मुलाला येतं का, विचारा. 'अन्नं तिन्नारा', 'ऊटा आतेन्री', 'खाना हुआ क्या'. उच्चार चुकला की हसतील, हसू दे. त्याच्याशी वाद घालत बसू नका, वहीतले आकडे एक्सेलमध्ये मांडायला द्या. बारा दिवसांनी चेक्सचा दर काय निघतो, याची त्यालाही उत्सुकता लागेल.

टीव्ही रात्री दहानंतर बंद. तिथल्या युद्धात तुमच्या जागण्यानं काही फरक पडत नाही, आणि सकाळी आठला शटर तुम्हालाच उघडायचं असतं.

राहता राहिला मांडववाल्याचा ॲडव्हान्स. तो परत देणार नाही, मागून वेळ घालवू नका. त्याच्याच बदल्यात जानेवारी-अखेरच्या रविवारसाठी वीस लिटरची दोन पातेली, एक परात, दोन मोठे डाव, पन्नास ताटं-वाट्या-पेले आणि दोन सतरंज्या लिहून घ्या. पातेल्यांची कल्हई बघून घ्या, आमटी कळकली तर दोष स्वयंपाक करणाऱ्या जोडीवर येईल.